काचघरातला ईस्टर

म्हातारा बाहेर लाकडं फोडायचा, सून आत झाडं बघायची आणि दोघांच्या मधे मुंगी पळायची.

काचघराच्या मागच्या भिंतीला टेकून पत्र्याची पडवी होती. तिच्यात बंब होता, माणसाएवढा उंच, पोटाशी गंज चढलेला. त्यात तापलेलं पाणी लोखंडी नळांतून भिंतीपलीकडे जायचं, मांडण्यांच्या खालून फिरायचं आणि गार होऊन परत यायचं. बंबाचं तोंड पडवीत आणि थर्मामीटर आत, दाराजवळच्या खांबावर. जाळ घालणाऱ्याला आत किती तापलं ते दिसायचं नाही, आणि ज्याला ते दिसायचं त्याच्या हाताशी जाळ नसायचा.

"आई म्हणते पंधरा आहे. दोन ओंडके घाला."

"दोन म्हणाली का एक?" म्हाताऱ्याने कुऱ्हाड टेकवत विचारलं.

"एक म्हणाली. पण मला थंडी वाजतेय."

म्हाताऱ्याने एकच घातला. मग नातीकडे बघून एक बारीक ढलपी आत टाकली. "ही तुझ्या वाटची."

मुंगी खूश होऊन परत पळाली. तिला मुंगी म्हणायचे ते तिच्या बापामुळे. एका जागी न थांबणारी, आणि वाटेत जे सापडेल ते उचलून घरात आणणारी. आता ती आठ वर्षांची झाली होती आणि बोलणी उचलून नेत होती.

सून या घरात आली तेव्हापासून सासऱ्याशी तिचं समोरासमोर बोलणं फारसं कधी झालंच नव्हतं. भांडण असं काही नव्हतं. म्हातारा मुळात कमी बोलणारा, ती बुजरी, आणि मधे तिचा नवरा होता. तो दोघांच्या वाटचं बोलायचा. बाबांना चहात साखर जास्त झाली म्हणे. हिला पडवीत दिवा हवाय. पानगळीच्या दिवसांत, लिलीचे कंद कुंड्यांत लावून तळघरात रचून झाले आणि त्याच आठवड्यात तो काचघराच्या मधल्या वाटेवर पडला, आणि तिथेच गेला. म्हाताऱ्यानेच त्याला पहिल्यांदा पाहिलं. पुढे म्हातारा काचघरात गेला नाही. बाहेरचं काम त्याने घेतलं, आतलं सुनेकडे आलं, आणि मधलं मुंगीकडे.

तेराव्या-चौदाव्या दिवशी दीर गावातून आला होता. तो पावाच्या कारखान्याचा टेम्पो चालवायचा आणि त्याच्या अंगाला कायम भाजलेल्या पिठाचा वास यायचा. ओट्याला टेकून उभ्याउभ्याच तो म्हणाला होता, "वहिनी, हा एक ईस्टर बघू. माल वेळेवर गेला तर काचघर चालू ठेवा, मी आहेच टेम्पो घेऊन. नाही गेला तर काचा आणि नळ विकून टाकू. बाबा माझ्याकडे येतील, तुम्ही दोघी तुमच्या भावाकडे. मला तरी दुसरं काही दिसत नाही. तुम्हाला दिसतंय का?"

तिला दिसत नव्हतं. भावाने एक खोली देऊ केली होती. दोघींपुरती.

लिलीला वर्षातून एकदाच गिऱ्हाईक येतं. ईस्टरला ती चर्चच्या वेदीवर हवी असते, घराघरांत टेबलावर हवी असते, कबरींवर हवी असते. आणि सोमवारी सकाळी ती कुणालाच नको असते. त्यातून ईस्टर काही एका तारखेला बसून राहत नाही. तो चंद्राच्या मागे चालतो, कधी लवकर येतो, कधी महिनाभर रेंगाळतो. लिलीला चंद्राचं काही कळत नाही. तिला फक्त ऊब कळते. तेव्हा ईस्टर कधी आहे ते बघून मागे मोजत यायचं आणि तेवढी ऊब द्यायची, हेच या धंद्यातलं सगळं काम. यंदा ईस्टर लवकर होता.

ऊब किती द्यायची ते सुनेला माहीत होतं. नवरा रात्री जेवायला बसताना हात पुसत म्हणायचा, "सोळा धरलंय." दर वर्षी तेच. तळघरातून कुंड्या वर आणल्या त्या दिवसापासून तिने सोळा धरलं होतं. पहाटे उठून शाल घेऊन जायची, काचेवरचं दहिवर पदराने पुसायची आणि लाल रेघ बघायची. रेघ सोळावर असली की तिला बरं वाटायचं. त्या घरात दुसऱ्या कशानेच तसं बरं वाटत नव्हतं.

ईस्टरआधीचा उपवासकाळ अर्ध्यावर आला. एका सकाळी म्हातारा ओंडक्यावर ओंडका रचत होता. धुकं पत्र्यावरून थेंब थेंब गळत होतं. त्याने मुंगीला सहज विचारलं, "कळ्या केवढ्या झाल्या गं?"

मुंगीने करंगळीचं नख दाखवलं.

"नीट दाखव."

"एवढ्याच. काही तर याहून बारक्या. पानांत लपल्यात. आई रोज पानं बाजूला करून बघते."

म्हाताऱ्याने कुऱ्हाड खाली ठेवली. हात विजारीला पुसले. मग पडवीतून निघून भिंतीला वळसा घालून तो काचघराच्या दाराशी आला आणि तिथे जरा थांबला. कडीवर हात ठेवून उभा राहिला. मुंगी मागून बघत होती. त्याने दार लोटलं आणि मान खाली घालून आत पाऊल टाकलं.

सून मधल्या वाटेवर झारीने पाणी शिंपडत होती. सासऱ्याला आत बघून ती झारी तशीच धरून उभी राहिली. वाट ओली होती, नेमकी नवरा पडला होता तीच जागा. म्हातारा तिथून कडेकडेने गेला. पहिल्या मांडणीजवळ वाकून त्याने एका झाडाचा शेंडा दोन बोटांनी उलगडला. दुसऱ्याचा उलगडला. मग खाली वाकून नळाला हाताची पालथी बाजू लावली, आणि तशीच बराच वेळ ठेवली.

"मुंगे," तो म्हणाला, "आईला विचार, थर्मामीटर किती दाखवतंय."

सून पाच हातांवर होती. मुंगीने तिच्याकडे पाहिलं.

"सोळा," सून म्हणाली.

"सोळा म्हणतेय, आजोबा."

"म्हणजे चौदा."

मुंगी आईकडे वळली. "आजोबा म्हणतात, म्हणजे चौदा."

"चौदा कसं?" सुनेचा आवाज बारीक झाला. "विचार त्यांना. सोळा आहे. या म्हणावं, बघा."

"ते दोन जास्त दाखवतं," म्हातारा नळाशीच बसून म्हणाला. "आणलं तेव्हापासूनच. त्याला माहीत होतं. तो अठरावर आणायचा आणि सोळा म्हणायचा. मला बाहेर येऊन सांगायचा तेही दोन वजा करूनच. तू सांगायचीस ते मी तसंच धरलं."

हे सगळं तो मुंगीकडे बघून बोलला. मुंगीला ते इतकं मोठं उचलून नेता येईना. ती आईकडे गेली आणि म्हणाली, "ते दोन जास्त दाखवतं."

सुनेने झारी खाली ठेवली. ती खांबाजवळ गेली आणि थर्मामीटरकडे बघत राहिली. तिने ती रेघ इतक्या पहाटे, इतक्या निगुतीने सांभाळली होती. तिच्या हातांच्या बोटांना चिरा पडल्या होत्या, पाण्याने आणि थंडीने. नवरा जेवायला बसताना जो आकडा म्हणायचा तो काचेवर नव्हताच कधी. तो त्याच्या डोक्यात होता, आणि डोक्यासकट गेला.

"विचार, आता काय करायचं," ती म्हणाली.

"तापवायचं," म्हातारा म्हणाला.

पुढचे दिवस तापवण्यात गेले. शेजारच्या सुताराकडून फळ्यांचे तुकडे आणले, कुंपणाचे जुने खांब उपटले, मोडकी घडवंची फोडली. म्हातारा सकाळी कुऱ्हाड धरायचा ती अंधार पडेपर्यंत. त्याचा उजवा खांदा वर जाईना, मग तो डाव्या हाताने घाव घालू लागला, आणि घाव वाकडे पडू लागले. पडवीत उघड्या अंगाने घाम, आणि बाहेर पाऊल टाकलं की गारठा. त्याला खोकला धरला. सून आत दमट उष्म्यात. केस कपाळाला चिकटलेले, काचांवरून पाणी ओघळून मानेवर पडायचं. ती कुंड्या फिरवायची, मागच्या पुढे, पुढच्या मागे, म्हणजे सगळ्यांना नळाची ऊब सारखी मिळेल. कुंडीला कुंडी लागू न देता, शेंड्याला धक्का न लावता. या घरात मुलं चालायला लागली की त्यांना पहिली गोष्ट हीच शिकवायचे, की काचघरात हात अंगाशी धरून चालायचं. कळीला बोटाचा डाग पडतो. डाग पडलेली कळी कुणी घेत नाही.

मुंगी दिवसभर भिंतीला वळसे घालत होती.

"आई म्हणते तेवीस झालं. खरे एकवीस."

"अजून घालू का विचार."

"घाला म्हणते."

"पंचवीसच्या वर न्यायचं नाही म्हणावं. खऱ्या पंचवीसच्या. कळ्या करपतात."

"आजोबा, तुम्ही दोघं एकदमच का नाही बोलत? माझे पाय दुखतात."

म्हातारा खोकला. "तुझ्यासारखं जमत नाही आम्हाला," तो म्हणाला. "तू मधे साखर घालतेस."

कळ्या वाढल्या. बोटाच्या पेराएवढ्या, मग बोटाएवढ्या झाल्या. पण हिरव्या. पांढरा रंग देठाकडून टोकाकडे चढायला लागतो, कळी फुगते, मग ती बाजाराची झाली असं समजायचं. बंबाच्या भिंतीला लागून जी ओळ होती तिच्यात तो रंग दिसायला लागला. बाकीच्यांत नाही. ईस्टरच्या आधीचा, झावळ्यांचा रविवार गेला. मुंगी चर्चमधून झावळीचा एक तुकडा घेऊन आली आणि तिने तो थर्मामीटरच्या मागे खोचून ठेवला. कुणी सांगितलं नव्हतं.

पवित्र आठवड्यात मंगळवारी अडत्या आला. दर वर्षी तोच यायचा, मोठी गाडी घेऊन, आणि नवऱ्याच्या पाठीवर थाप मारून आत शिरायचा. या वेळी तो दारात थांबला, सुनेला नमस्कार केला, आणि मग आत येऊन मांडण्यांवरून नजर फिरवली. त्याचा चेहरा पडला, पण सवयीने तो हसला.

"वहिनी, ही लिली आहे की कांद्याची पात?"

तो एका झाडाशी वाकला आणि अंगठ्याने कळी दाबली. तिला ते दिसलं. दुसरी दाबली. दाबलेल्या जागी हिरव्या कळीवर काळपट ठसा उठला. तिसरी दाबायला त्याने हात पुढे केला तेव्हा ती म्हणाली, "सगळ्या सारख्याच आहेत. दाबून वेगळ्या होणार नाहीत."

त्याने हात मागे घेतला. "रागावू नका. मी तरी काय करू? मला शनिवारी उघडलेली हवीत. ही उघडतील पुढच्या शनिवारी. तोवर लोकांचा ईस्टर पचून गेलेला असेल." मग आवाज उतरवून म्हणाला, "त्याचं कधी असं झालं नव्हतं."

बंबाकडची ओळ त्याने घेतली. कुंड्या सुनेनेच उचलून गाडीत ठेवल्या. गाडी अर्धीही भरली नाही, आणि कुंड्या हलू नयेत म्हणून त्याने मधे रिकामी खोकी कोंबली. जाताना त्याने पडवीकडे बघून हात वर केला. म्हातारा पाठमोरा लाकडं फोडत होता. त्याने मागे पाहिलं नाही. गाडी वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा त्याने हातातला ओंडका बंबात न टाकता परत राशीवर ठेवला.

शुक्रवारी बंब विझवला.

शनिवारी दुपारी दीर आला, बायको आणि दोन मुलांसकट. दर वर्षी येत तसेच. शनिवारी रात्री मुक्काम, रविवारी चर्च, मग सगळ्यांनी एका टेबलाशी बसून खाणं, आणि मग काचघर. दर वर्षी रविवारपर्यंत मांडण्या रिकाम्या झालेल्या असायच्या. इतकं लांब, इतकं सरळ आणि बाहेर गारठा असताना इतकं उबदार मैदान आसपास दुसऱ्या कुणाच्या मुलांना नव्हतं. रिकाम्या कुंड्या पालथ्या घालून त्यांच्याखाली अंडी लपवायची. चमच्यात अंडं घेऊन मधल्या वाटेवरून शर्यत. मोठी माणसंही पळायची. काकू एकदा घसरून बसली होती आणि तिच्या चमच्यातलं अंडं तसंच राहिलं होतं, म्हणून तिलाच पहिला नंबर दिला होता.

दिराने आधी काचघरात एक फेरी मारली. परत आला तेव्हा तो नुसता मान हलवत होता. सून ओट्याशी अंडी उकडत होती. पातेल्यात कांद्याची सालं घातली होती, पाणी विटकरी झालं होतं.

"वहिनी," तो म्हणाला, "मी त्या माणसाशी बोललोय. काचा काढून नेणारा. पुढच्या आठवड्याच्या शेवटी येतो म्हणाला."

"बरं."

"मला बरं वाटतंय असं समजू नका."

"नाही समजत."

"दादा असता तर…"

"भाऊजी, तेवढं अंडं काढा. तडकलंय ते."

त्याने चमच्याने अंडं बाहेर काढलं, बोट भाजलं, फुंकर मारली. "मुंगीला सांगितलंत?"

"उद्याचा दिवस होऊ दे," ती म्हणाली. "उद्या खेळू दे तिला. बाबांनाही हेच सांगा. मुलं असताना विषय नको."

"तुम्हीच सांगा की. पडवीत बसलेत."

ती अंडी फडक्यावर काढत राहिली. दीर मग स्वतःच पडवीत गेला.

टेबलावर अंडी मांडली तशी मुलं गोळा झाली. कांद्याच्या सालांची विटकरी, बीटाच्या पाण्यातली गुलाबी, पालकात घातलेली कसलीतरी मळकट. दिराचा थोरला म्हणाला की मळकट मला नको, ते आजारी दिसतं. मुंगी म्हणाली, ते मी घेते, ते गवतात लपलं तर कुणाला दिसणारच नाही. मेणबत्तीच्या टोकाने अंड्यावर आधी नक्षी काढली की तिथे रंग धरत नाही, हे तिला बापाने शिकवलं होतं. तिने एका अंड्यावर नीट, जीभ बाहेर काढून, एक लिली काढली. रंगातून वर आल्यावर ती लिलीपेक्षा गाजरासारखी दिसत होती.

"आई, यंदा अंडी कुठे लपवायची? मांडण्या तर भरलेल्या आहेत."

"झाडांत लपवू."

"आणि कळ्यांना लागलं तर?"

सून तिचे रंगलेले हात पुसत होती. "जपून शोधायचं," ती म्हणाली.

रविवारी चर्च भरलं होतं. वेदीवर लिली होत्या, दोन्ही बाजूंना उतरत्या पायऱ्यांवर, पूर्ण उघडलेल्या, चकचकीत कागदात गुंडाळलेल्या. या घरच्या नव्हत्या. कुठून आल्या कुणी विचारलं नाही. फादर थडग्यावरचा धोंडा बाजूला सारल्याचं वाचत होते तेव्हा म्हाताऱ्याची नजर त्या कुंड्यांवर होती. परतताना तो वेदीजवळून गेला, आणि वाकून त्याने एका झाडाच्या कागदात बोट घालून आत पाहिलं.

"खालची पानं पिवळी पडलीत," तो मुंगीला म्हणाला. "घाई केलीय."

"आईला सांगू?"

"नको."

सकाळच्या खाण्यात नेहमीचं सगळं झालं. अंड्याला अंडं आपटायची पैज लागली. म्हातारा दर वर्षी जिंकायचा, कारण तो अंडं मुठीत असं धरायचा की टोकाचा टिकलीएवढाच भाग बाहेर राहायचा. यंदा पहिल्याच झटक्याला दिराच्या धाकट्याने त्याचं अंडं फोडलं. मुलगा नाचायला लागला. मुंगीने आजोबांच्या मुठीकडे पाहिलं. अर्धं अंडं बाहेर होतं.

"तुम्ही मुद्दाम हरलात," ती म्हणाली.

"खांदा दुखतो गं. मूठच आवळत नाही."

मग काचघर. दीर आणि काकूने आधी जाऊन अंडी लपवली होती. बंब विझून दोन दिवस झाले होते, तरी ऊन निघालं होतं आणि आत ऊब होती. मांडण्यांवर या टोकापासून त्या टोकापर्यंत झाडं उभी होती, सरळ, निरोगी, कमरेएवढी, प्रत्येकावर चार-पाच कळ्या, हिरवट पांढऱ्या, टोकं मिटलेली. धंद्यातल्या माणसाने बघितलं असतं तर म्हणाला असता, पीक झकास आहे. सून आणि म्हातारा दाराशी, खांबाच्या दोन बाजूंना उभे राहिले.

मुलं सुटली. दिराची मुलं मांडण्यांखाली शिरली, वर चढली. मुंगी मात्र मधल्या वाटेवरून चालत होती, हात अंगाशी धरून, कोपरं आत, परडी पोटाशी. मान लांब करून कुंड्यांच्या मधे बघायची, पण हात घालायची नाही. हा खेळ बापाने चालवायचा. तो दाराशी स्टूल टाकून बसायचा आणि मुलं अंड्याच्या जवळ गेली की 'ऊन', लांब गेली की 'गार' असं ओरडायचा. यंदा कुणी ओरडत नव्हतं. मुलं एकदोनदा दाराकडे बघून गप्प शोधत राहिली.

"गार," म्हातारा म्हणाला. घसा खाकरून परत म्हणाला, जरा मोठ्याने. "गार, मुंगे. गार."

ती वळली. दुसऱ्या बाजूला दोन पावलं गेली.

"कोमट."

अजून एक पाऊल.

"ऊन. चांगलं ऊन. भाजलीस बघ."

अंडं तिच्या समोर होतं, तिसऱ्या कुंडीमागे, विटकरी. हात घातला असता तर मिळालं असतं. मधे दोन झाडांच्या कळ्या होत्या. ती चवड्यांवर उभी राहून बघत राहिली.

"घे की," सून म्हणाली.

"लागेल."

"लागू दे."

मुंगीने आईकडे पाहिलं, थट्टा आहे की काय ते बघायला. तेवढ्यात दिराच्या थोरल्याला ते अंडं दिसलं. तो पलीकडून मांडणीवर छातीने आडवा झाला आणि हात लांबवून अंडं ओढलं. कुंड्या कलंडल्या. दोन फांद्या काडकन मोडल्या, कळ्या खाली लोंबल्या, आणि तो अंडं उंच धरून ओरडत पळाला. त्याच्यामागे धाकटा. मांडणीच्या टोकाला आणखी एक कुंडी पडली.

"आजोबा," मुंगी म्हणाली. तिचा आवाज चिरकला. "त्यांना सांगा ना. कळ्या मोडल्या. आजोबा, त्यांना बाहेर काढा."

म्हाताऱ्याने मुलांकडे पाहिलं. मग तो म्हणाला, "राहू दे."

मुंगी थांबली. या काचघरात कळी मोडल्यावर 'राहू दे' असं तिने कधी ऐकलं नव्हतं. ती आईकडे बघू लागली, पण आईही मुलांवर ओरडली नाही, कुंडी उचलायला पळाली नाही. मुंगीने परडी खाली ठेवली. मोडलेली एक फांदी देठापासून अलगद सोडवली आणि दोन्ही हातांत धरून दाराशी आली.

"ही मेली?"

म्हाताऱ्याने फांदी घेतली, फिरवून पाहिली. "नाही. कळ्या भरल्यात. पाण्यात ठेवली की उमलतील."

"कधी?"

"आठवडा लागेल."

"तेव्हा आपण असू इथे?"

म्हाताऱ्याने फांदीवरून नजर उचलली नाही. "आईला विचार," तो म्हणाला.

मुंगी हलली नाही. आई एका खांबाच्या अंतरावर होती आणि तिने सगळं ऐकलं होतं, हे मुंगीला माहीत होतं. काचांवर ऊन तडतडत होतं. मुलं टोकाशी कुठेतरी खिदळत होती.

"तिला माझ्याकडे पाठवू नका, बाबा," सून म्हणाली. "तुम्हीच सांगा. मला नाही जमणार."

म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं. मग तो दाराच्या उंबऱ्यावर हळूहळू बसला, खांदा सांभाळत, म्हणजे त्याचं तोंड मुंगीच्या तोंडासमोर आलं.

"आठवडाभर आहोत," तो म्हणाला. "मग माणसं येऊन काचा काढतील. तू आणि आई मामाकडे जाल. तिथे शाळा जवळ आहे. मी काकाकडे."

"तुम्ही मामाकडे का नाही?"

"तिथे एकच खोली आहे."

"मी तुमच्या पायांशी झोपेन."

"तू झोपशील गं."

मुंगीने हे सगळं ऐकून घेतलं. ती रडली नाही. कपाळाला आठ्या घालून ती काहीतरी जुळवत होती, निरोप लांब असला की जुळवायची तशी.

"मग तुम्हाला आईला काही सांगायचं असलं तर?" तिने विचारलं.

म्हाताऱ्याने फांदी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. सून खांबाजवळून निघाली, मधल्या वाटेवर पडलेली कुंडी तिने उभी केली, दुसरी उभी केली, मोडलेल्या फांद्या एकेक करून उचलल्या. मग नळाखालची बादली ओढत दाराशी आली आणि सासऱ्याच्या समोर उभी राहिली.

"बाबा," ती म्हणाली, "पाणी गार घेऊ की कोमट?"

"गार," म्हातारा म्हणाला. "अर्धी बादलीच भर. देठं बुडाली म्हणजे झालं."